एकशे वीसचं पाणी

पार्बताबाईनं भरलेली कॅन इंदूबाईच्या पायापाशी धाडकन आपटली. अर्धं पाणी फरशीवर सांडलं.

"चाखून पाय वं! हे गोडं पानी व्हय? विहिरीचं पानी अन् हे पानी, काय फरक हाये सांग बरं!"

"तुह्याच तोंडाची चव गेली असंन," इंदूबाईनं मशीनचा नळ बंद करत म्हटलं. "सारं गाव पेऊन राह्यलं. कोनी बोललं नाई. तुलेच कसं खारं लागते?"

"गाव त येडं हाये. तू सांगतं गोडं, म्हून गोडं."

रांगेतल्या बाया हसल्या. पार्बताबाई तशीच कॅन उचलून पाय आपटत गेली. इंदूबाईनं भिंतीवरचं रजिस्टर काढलं, तारीख टाकली अन् पुढं पाण्यातल्या खाराचा आकडा लिहिला, एकशे वीस.

लोणटेक म्हणजे मूर्तिजापूरच्या खालच्या अंगाचं, खारपाणपट्ट्यातलं गाव. जमीन काळी कुळकुळीत, कपाशी डोक्याएवढी होते, पण पोटातलं पाणी खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गावात घरागणिक कोणाची ना कोणाची किडनी खराब. तीन सालांमागं मुंबईच्या एका फाउंडेशननं समाजमंदिराजवळ पाणी गोडं करायचं मशीन बसवलं. मोठ्या अक्षरात पाटी लागली. त्या दिवसापासून उन्हाळ्यात येणारा सरकारी टँकर बंद झाला. नळयोजनेचा पाइप नाल्यात फुटला तो फुटलाच. कोणाच्या अंगाला त्याची आच लागली नाही, कारण पाणी आता फाउंडेशन पाहत होतं.

मशीन चालवायला बाई पाहिजे म्हटल्यावर इंदूबाई पहिली उभी राहिली. दहावी शिकलेली होती, हे एक. दुसरं म्हणजे तिचा नवरा श्रावण. त्याची किडनी निम्मी गेली होती. अकोल्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं, खारं पाणी थेंबभर नको. मशीनमधून भरलेला पहिला गुंड, पितळेची घागर, इंदूबाई रोज घरी न्यायची. दोन सालं श्रावण बरा राहिला. वावरात जाऊन निंदण करू लागला. इंदूबाईला वाटे, आपण त्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं.

पण यंदा संक्रांतीनंतर त्याच्या पायावर सूज चढली. डोळ्याखाली पिशव्या आल्या. अकोल्याला नेलं तर डॉक्टर कागद पाहून कपाळाला आठ्या घालत म्हणाला, "पाणी कोणतं पितात?"

"फाउंडेशनचं, साहेब. मीच भरतो," इंदूबाई म्हणाली.

"मोजलंय का कधी?"

 खार मोजायचं पेनासारखं यंत्र पौषातच कुलदीपनं दुरुस्तीला नेलं होतं. कुलदीप म्हणजे फाउंडेशनचा सुपरवायझर, अकोल्याचा पोरगा, मोटारसायकलवर यायचा. जाता जाता म्हणाला होता, "ताई, यंत्र येईपर्यंत एकशे वीसच लिहीत जा. रोजचं तेच तर असतं." अन् ती लिहीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. साधना मॅडमजवळ विज्ञानाच्या पेटीत तसलंच यंत्र होतं. मॅडमनं ते इंदूबाईनं आणलेल्या पाण्यात बुडवलं. आकडे धावले अन् थांबले. सतराशे नव्वद.

"तुमच्या विहिरीचं आणलं का?" मॅडमनं विचारलं.

"नाई व मॅडम. मशीनचं हाये."

मग विहिरीचंही मोजलं. अठराशे साठ. इंदूबाई मुलांच्या बाकावर खाली बसली. अडीच महिने. रोज सकाळी पहिला गुंड.

घरी येऊन तिनं श्रावणला सांगितलं. तो खाटेवर पडून होता.  ती वाट पाहत होती की हा शिव्या देईल, काही फेकून मारील.

"तुले कवा समजलं?"

"आत्ता. शायेत."

"मंग इथं काऊन बसली? लोकायले सांग. मी काय एकटाच पेलो?"

ती आधी कुलदीपला भेटली. तो मंडपवाल्याशी बोलत होता, कारण आठवड्यानं मशीन ग्रामपंचायतीच्या हवाली करायचा कार्यक्रम होता. त्यानं तिला बाजूला नेलं.

"ताई, खार गाळायची आतली जाळी गेली आहे, मला माहीत आहे. नवी येणार नाही. प्रकल्प मार्चअखेर संपतो. सात दिवस दम धरा. एकदा हवाली झालं की पुढचं पंचायत बघेल."

"अन् तवरोक लोकं काय पेतीन?"

"आतापर्यंत पीतच होते ना? तुम्हाला मी दुसऱ्या गावच्या प्लांटवर लावतो. नवरा आजारी आहे तुमचा. विचार करा."

तिथून ती सरपंच खुशालरावाकडं गेली. खुशालराव ओट्यावर सुपारी कातरत होते.

"बाई, मशीन त्यायचं. बिघडलं त त्यायनंच पाहावं. पंचायत कायले हात लावंन?"

"ते म्हंते, आता पंचायतीचं."

"ते म्हंतीनच. टँकर मागाव त तहसीलवाले म्हंते, तुमच्या गावात टंचाईच नाई, रोजचं गोडं पानी लिवलेलं हाये. कोनाच्या हातचं लिवलेलं हाये?" अन् त्यांनी अडकित्त्यावरची नजर उचलून तिच्याकडं पाहिलं. "आता काऊन बोंबलतं?"

आंधळं दळत होतं अन् कुत्रं पीठ खात होतं, अन् जात्याचा खुंटा इंदूबाईच्या हातात होता.

ते ऐकून सात दिवस तिनं गावात कोणाजवळ तोंड उघडलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ऊन कानशिलं भाजत होतं. मंडपात मुंबईचे दोन साहेब, समोर सारं गाव. साहेबांच्या टेबलावर बाटलीबंद पाणी ठेवलं होतं. इंदूबाईला नवं लुगडं देऊन उभं केलं होतं. तिनं मशीनमधून ग्लास भरून साहेबाच्या हातात द्यायचा अन् फोटोवाल्यानं फोटो काढायचा. तिनं ग्लास भरला. साहेबानं हसून हात पुढं केला.

"पेऊ नका साहेब," ती म्हणाली. "हे खारं हाये."

साहेबाचा हात तसाच राहिला. कुलदीप धावत आला, पण ती थांबली नाही. एकदा तोंड फुटलं ते फुटलं. "पौषापासून मशीन बंद पडल्यासारखंच हाये. मोजाचं यंत्र नाई. मले सांगतलं एकशे वीस लिवा, मी लिवलं. माह्याच हातानं लिवलं. अडीच महिने साऱ्यायनं विहिरीचंच पानी पेलं."

 इंदूबाईला वाटलं, आता लोक उठतील, साहेबांना घेरतील, जाब विचारतील. पार्बताबाई उठलीही. पण ती साहेबांकडं वळलीच नाही.

"मी तुह्या पायापाशी कॅन आपटली, तवा काय म्हनली होती तू मले? माह्या तोंडाची चव गेली म्हने! माहा पोरगा देवमन सुजून पडला घरात, अन् तू एकशे वीस लिवत होती?"

"मले त्या दिवशी मालूम नव्हतं व माय..."

"मालूम नव्हतं त लिवलं कायले?"

 गाव उठलं ते इंदूबाईवरच उठलं. त्या गलक्यात साहेबांची गाडी कधी निघून गेली, कोणाला कळलंही नाही. महिन्यानं फाउंडेशनचं पत्र आलं: स्थानिक महिलेच्या हलगर्जीपणामुळे यंत्र निकामी झालं, संस्थेची जबाबदारी संपली आहे. पंचायतीनं मशीन ताब्यात घेतलं नाही. समाजमंदिराजवळच्या खोलीला कुलूप पडलं. पाटी तेवढी राहिली.

श्रावणला हप्त्यातून दोनदा डायलिसिस लागलं. पहाटेची एसटी धरून ती त्याला अकोल्याला न्यायची, संध्याकाळी परत आणायची. मधल्या दिवशी टँकरचा अर्ज घेऊन घरोघर फिरली. दारं बंद झाली. इंदूबाईच्या नावाखाली सही कोण करील? शेवटी साधना मॅडमनं नवा अर्ज लिहिला. त्यात इंदूबाईचं नाव नव्हतं, पण मॅडमच्या यंत्रावर मोजलेले दोन्ही आकडे होते. मॅडमच तो पार्बताबाईकडं घेऊन गेल्या. त्यावर दोनशे सह्या पडल्या.

मे महिन्यात टँकर आला. बाया भांड्याला भांडं लावून उभ्या राहिल्या. इंदूबाई साऱ्यांच्या मागं. तिच्याशी कोणी बोललं नाही. रांग सरकत सरकत तिच्या पुढं दोन बाया उरल्या तेव्हा नळाला गुळगुळ आवाज आला अन् पाणी संपलं. ड्रायव्हरनं पाइप गुंडाळला. "आता परवा," म्हणून गाडी सुरू केली.

इंदूबाई रिकामा गुंड घेऊन उन्हात उभी राहिली. परवापर्यंत घरात काही नव्हतं. उद्या डायलिसिस होतं.

पार्बताबाई डोक्यावर गुंड, कमरेवर कॅन घेऊन चालली होती. चार पावलं पुढं गेली अन् थांबली. मागं आली. कॅन खाली ठेवली, झाकण काढलं, अन् इंदूबाईच्या गुंडात अर्धी कॅन ओतली. एक थेंब बाहेर पडू दिला नाही.

"श्रावनभाऊसाठी हाये," ती म्हणाली. "तुह्यासाठी नाई."

"हो," इंदूबाई म्हणाली.

पार्बताबाईनं कॅन कमरेवर घेतली अन् निघाली. इंदूबाईनं गुंड डोक्यावर चढवला. वाट एकच होती, दोघींचीही घरं त्याच गल्लीत. चार हात अंतर ठेवून ती मागं मागं चालू लागली.