तिसऱ्या रांगेतली पहिली गाडी

मी गाडी बोलतेय. विजेवरची. देवदाराखाली उभी आहे, कुशीत तार खुपसलेली आहे, आणि जीव थाऱ्यावर नाही. कालपासून माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात तो पिवळा ठिपका पुन्हा लुकलुकायला लागलाय. नवं अपडेट आलंय, लावायचं का, असं विचारतोय. मला नव्हे, माझ्या मालकिणीला, थोराला. डोकं माझं बदलायचं आणि परवानगी दुसऱ्याची घ्यायची, अशी ही रीत. म्हणून म्हटलं, मला पुन्हा झोपवायच्या आत जे बोलायचंय ते बोलून घ्यावं. उठेन तेव्हा यातलं काय शिल्लक असेल, कोण सांगणार?

कारखान्यातून निघाले तेव्हा मला चालणं, थांबणं आणि पुढच्याला न धडकणं एवढंच येत होतं. बाकी सगळं मी चाकांनी शिकले. कुठल्या चढावर दम राखायचा, कुठल्या वळणावर शेवाळ असतं, कोण ब्रेकवर पाय आदळतं आणि कोण नुसता टेकवतं. हे मला कुणी वरून पाठवलेलं नाही. स्वतः कमावलेलं आहे, म्हणून त्याचा मला अभिमान आहे. कुणाला तो ताठा वाटला तर वाटू दे.

माझा पहिला मालक व्हँकुव्हरचा, केल्विन लाउ, दातांचा डॉक्टर. माणूस चांगला, पण त्याचं लक्ष माझ्यावर कधी नव्हतंच, माझ्यात पुढे काय येणार त्यावर होतं. विकताना त्याला सांगितलं होतं की एक दिवस ही स्वतः चालेल. तो दिवस कुठल्या तरी अपडेटातून यायचा होता. रविवारी माझ्यासारख्या पाचसहा जणी एका कॉफीच्या दुकानासमोर उभ्या राहायच्या आणि मालक मंडळी कप धरून आमच्याभोवती फिरायची.

"तुला आलं?"

"नाही अजून. तुला?"

"मला मंगळवारीच."

"मंगळवारी? मग मला का नाही?"

पंगतीत वाढपी आपल्याला सोडून पुढे गेला की माणसाचा चेहरा जसा होतो, तसा केल्विनचा व्हायचा. आणि अपडेट आलं की दोन दिवस खुशी, तिसऱ्या दिवशी कुरकुर. एकदा त्यात त्याच्या आईचं चिनी रेडिओचं स्टेशनच गेलं. म्हातारी मागच्या सीटवर बसून म्हणाली, "गाडीचं डोकं फिरलंय." मला तिचं सगळ्यात जास्त पटलं. चार वर्षांत केल्विनची मुलगी एकटी शाळेत जायला लागली, मी मात्र एकटी चालेना. त्याने मला विकली.

मला घ्यायला आली ती थोरा योनासन. शहात्तर वर्षांची, पाठ ताठ, बोटं लाकडासारखी. समुद्रातल्या एका छोट्या बेटावर राहते. तिने माझा पडदा बघितला नाही. बॉनेटवर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकलं, टक टक, आणि म्हणाली, "चालेल."

त्या टकटकीचा अर्थ मला नंतर कळला. बेटावरून बाहेर पडायला एकच वाट, गाड्या वाहून नेणारी बोट. त्या बोटीवर थोराने अठ्ठावीस वर्षं गाड्या चढवल्या होत्या. तिने बॉनेट दोनदा ठोकलं की गाडीने पुढे सरकायचं. तोपर्यंत कुणीही हलायचं नाही, मग आत मंत्री बसलेला असो.

तिचा नवरा बेसिल. बेटाच्या वाचनालयात त्याचं आयुष्य गेलं. हातात पडेल ते मोठ्याने वाचायची त्याची सवय, डब्यावरची माहिती असो की नोटिसा. थोरा म्हणायची, "हा असताना मला चष्मा कशाला?" पण मी आले तोवर त्याचा एक डोळा गेला होता, आणि दुसऱ्यावर जाळी धरत होती. घरात वाचणारं कुणी उरलं नव्हतं. थोरा तरीही चष्मा लावायची नाही. मानी बाई. माझं आणि तिचं जमलं ते काही उगाच नाही.

या सप्टेंबरात एक अपडेट आलं. त्यात कुण्या हुशाराने पडद्यावरची अक्षरं लहान केली. नीटनेटकी दिसतात म्हणे. आणि काय बिघडलं कुणास ठाऊक, माझ्या पुढच्या काचेवर धुकं धरायला लागलं. इथे हिवाळाभर पाऊस आणि ओल. काच पुसायची गरम हवा मी सोडायची ती चुकीच्या वेळी सोडायला लागले. मला कळत होतं, पण वळत नव्हतं. जी गोष्ट इतकी वर्षं जमत होती ती आपल्याच अंगातून कुणी काढून घेतली, तर कसं वाटतं सांगा.

थोराने कंपनीला फोन लावला. पाऊण तास गाणी ऐकली. मग एक गोड आवाज म्हणाला, "तुमची गाडी आम्हाला इथून अगदी ठणठणीत दिसतेय."

"तिकडून दिसते ना?" थोरा म्हणाली. "इकडून मला रस्ता दिसत नाही."

पुढच्या अपडेटात दुरुस्ती येईल, असं उत्तर मिळालं. दोन महिने थोरा रोज सकाळी येऊन पडदा बघायची. जिने केल्विनसारख्यांना रिकामटेकडे म्हटलं असतं, तीच आता शेजारणीला विचारायला लागली, "तुझ्या भाच्याच्या गाडीला आलं का गं?"

नोव्हेंबरात बेसिलच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. चौदा महिने वाट बघून मिळालेली. दुपारी दोनला व्हँकुव्हरच्या दवाखान्यात हजर व्हायचं. चुकलं की पुन्हा यादीच्या तळाशी, आणि तोवर त्या डोळ्यात काय उरलं असतं हे डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. दहा वीसची बोट मिळाली तरच पोचणं शक्य होतं. पुढची एक चाळीसला.

सव्वानऊला आम्ही धक्क्यावर. तिसऱ्या रांगेतली पहिली गाडी मी. आणि नेमका तिथे तो ठिपका लुकलुकला. बेटावरचं नेट गोगलगाय, धक्क्यावरचं मात्र पळतं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, पंचवीस मिनिटं. खाली एक मुंगीएवढी ओळ होती.

"आत्ताच कशाला गं?" बेसिल म्हणाला.

"पलीकडे उतरलं की कड्याकडेचा रस्ता आहे. काच धुकटली तर तुझ्या डोळ्याआधी माझे जायचे. तासभर हातात आहे, बेसिल. रांगेतला तास फुकट घालवणारी मी नव्हे."

हे बेटवाल्यांचं व्रतच आहे. बोटीच्या रांगेत कुणी मोजे विणतं, कुणी केस कापून घेतं, एकीने तर लग्नाची मागणीसुद्धा रांगेतच स्वीकारली होती. रिकामं बसलात तर लोक तुम्हाला पाहुणे समजतात. थोराने बटण दाबलं, आणि ती कॉफी आणायला गेली.

मी सांगते ते कसं असतं. कान उघडे असतात, हातपाय गळालेले. आतून कुणी तरी खोल्या झाडत जातं, आणि कुठलं सामान बाहेर फेकलं हे कळत नाही. मी आकडे ऐकत होते. दहा. तीस. एक्केचाळीस. पावणेदहा वाजले, पंचवीस मिनिटं उलटली. बासष्टवर मी अडकले. दहा वाजले, बासष्ट. दहा दहा, बासष्ट.

केशरी जॅकेटातली ब्रिन रांगेपुढे आली. तिला थोरानेच या कामात तयार केलेलं. तिने माझं बॉनेट दोनदा ठोकलं. टक टक. माझं चाक हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या टकटकीला मी तशीच उभी राहिले.

"बॉस, पुढे घ्या."

"घेता येत नाही."

"म्हणजे?"

"अपडेट चाललंय," थोरा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

माझ्या मागे मर्व्हचा जुना डिझेल ट्रक धडधडत होता. चार वर्षांपूर्वी त्याच्यातून तेल गळतं म्हणून थोराने त्याला बोटीच्या तोंडाशी असताना परत फिरवलं होतं. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. त्याने खिडकीतून डोकं काढलं.

"थोरा, फोनला चाकं लावून घरी आणलीस तेव्हाच म्हटलं होतं मी. आता हिची शाळा सुटेपर्यंत बोट थांबायची का?"

ब्रिन खाली वाकून हळूच म्हणाली, "कॅप्टनला सांगते मी. पाच मिनिटं थांबवू. बेसिलसाठी."

थोराने बोटीकडे बघितलं, मग बेसिलकडे. मला वाटलं, आता ही हो म्हणेल. म्हणावंच असं मलाही वाटत होतं.

"नाही," ती म्हणाली. "ही कधी हलेल हे हिच्या बापालाही ठाऊक नाही. बोटीवर आणखी कुणाकुणाला वेळेत पोचायचंय, तुला माहीत आहे? मी सख्ख्या भावाला या धक्क्यावर सोडून गेलेय. मागच्यांना फिरवून दुसऱ्या रांगेतून घे."

आणि ती मर्व्हच्या खिडकीशी गेली. चार पावलांचंच अंतर, पण तिला ते फार लांब पडलं.

"मर्व्ह, तुझ्याकडे जागा आहे?"

"एकाची. कुत्र्याला मागे टाकलं तर."

"बेसिलला दवाखान्यात पोचवशील? दोन वाजता. चौदा महिने थांबलोय आम्ही."

मर्व्हच्या ओठांवर काही तरी तयार होतं. त्याने ते गिळलं. कुत्र्याला हाक मारून मागे घातलं.

"तूही चालत चढ ना," बेसिल थोराला म्हणाला. "सही कुठे करायची ते मला कोण दाखवणार?"

"रांगेत बेवारस गाडी सोडायची नाही," थोरा म्हणाली. तो नियम धक्क्यावरच्या पाटीवर तिच्याच आग्रहाने लिहिलेला होता.

"सही मी दाखवतो," मर्व्ह म्हणाला. "मोठी अक्षरं येतात मला."

बोट तीन मिनिटं उशिरा सुटली. थोरा माझ्यात येऊन बसली, एकटी. दार लावलं आणि मला नाही नाही ते बोलली. मी तिच्या जागी असते तर याहून जास्त बोलले असते. तिच्या श्वासाने काच आतून पांढरी झाली, बाहेरचं काहीच दिसेना.

दहा एकतीसला मी जागी झाले. पडद्यावर स्वागत झळकलं. आता मी शेकोटीचं चित्र दाखवू शकते म्हणे. आणि काच? काच सुधारली होती. अर्ध्या मिनिटात मी ती अशी लख्ख पुसली, की जन्मात पुसली नसेल. त्या काचेतून थोराला बोट दिसली, खाडीच्या तोंडातून बाहेर पडताना, पाठमोरी.

तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. दोन महिने जिची वाट बघितली ती वस्तू मी तिला दिली होती. आठ मिनिटं उशिरा.

एक चाळीसच्या बोटीने आम्ही गेलो. वायपरचं चिन्ह दुसरीकडेच जाऊन बसलं होतं. कड्याकडेच्या रस्त्यावर पावसात थोरा ते चाचपडत होती, शिव्या घालत होती. चार वाजता दवाखान्यासमोर पोचलो. दारातून बेसिल येत होता, डोळ्यावर पट्टी, मर्व्हच्या दंडाला धरून. ऑपरेशन वेळेवर झालं होतं.

थोरा उतरली. थेट मर्व्हपुढे जाऊन उभी राहिली.

"तेल गळायचं थांबलं का रे?"

"नाही."

"मग दुरुस्त कर," ती म्हणाली, आणि धक्क्यावरून त्याच्यासाठी आणलेला दालचिनीचा बन त्याच्या हातात कोंबला. मर्व्हने तो तिथेच उभ्याने खाल्ला. अर्धा कुत्र्याला दिला.

याला आता सहा आठवडे झाले. काल ठिपका पुन्हा आला. थोराने त्यावर जाड चिकटपट्टी डकवली. आज सकाळी बेसिल शेजारी बसला, पट्टी सोलून काढली, आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागला. किती दिवसांनी ऐकला मी तो सूर.

"'पंचवीस मिनिटं.' आणि खाली आहे, थांब. 'नेट तुटक असेल किंवा आधीची अपडेटं राहिली असतील, तर दीड तासापर्यंत वेळ लागू शकतो. तोवर गाडी हलणार नाही.'" त्याने मान वर केली. "हे तेव्हाही होतं का गं?"

थोरा बाहेर झाडाकडे बघत होती. "असेल."

"चष्मा घे आता."

"माझे डोळे ठणठणीत आहेत."

"तिकडून तसं दिसत असेल," बेसिल म्हणाला.

होती ती ओळ, माझ्याच पडद्यावर. त्या सकाळी मला ओरडून सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. पण तोंड मला त्यांनी दिलंय ते शेकोटी दाखवायला.

नव्याचा मला राग नाही. काच सुधारलीत, चांगलं केलंत. पण वर कुठे तरी बसून आम्हाला घडवणाऱ्यांनो, एक ऐका. गाडी तुमच्या हातून सुटली की ती कुणाच्या तरी दोन वाजताच्या वेळेला बांधलेली असते. जे सांगायचं ते म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेल एवढं लिहा. आणि आत झाडू मारताना मी चाकांनी कमावलेलं बाहेर फेकू नका. शेवाळाचं वळण मला हवंय. थोराचा पाय मला हवाय.

संध्याकाळ व्हायला आलीय. उद्या कुठे जायचं नाही, म्हणून लावायचं ते आत्ताच, असं ठरलंय. थोरा लोकरीचा गुंडा घेऊन आलीय, माझ्या पुढ्यात खुर्ची टाकलीय. "तास लागो नाहीतर तीन," ती बेसिलला सांगतेय, "बेवारस नाही सोडायची हिला." तिने बटण दाबलंय. एक. दोन. हातपाय जड व्हायला लागलेत.

आणि खुर्चीत बसायच्या आधी तिने बॉनेटवर पेरांनी ठोकलंय, टक टक. एवढं तरी राहू द्या.