लिटरभर आईस्क्रीम

शामकलाबाईने आगाऊ माणसं पुष्कळ पाहिली होती, पण चुन्नीलालसारखा नग पहिल्यांदाच पाहिला.

तो नवरदेवाचा मामा, तहसिलीत कारकून. सन साठचा उन्हाळा होता. शेर-पायली मागे पडून किलो-लिटर नुकते आले होते आणि त्यांचं पाच दिवसांचं शिबिर करून आल्यापासून हा गृहस्थ खिशात छापील तक्ता घेऊनच हिंडायचा. मुर्री गावात नवरीच्या बापाच्या, बकारामच्या दारी वऱ्हाड टेकलं, तसा तो पाय धुवायच्या आधी आंब्याखाली आला. तिथे शामकलाबाई आईस्क्रीमचा पॉट मांडून बसली होती. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती गोंदियाहून बर्फ घेऊन लग्नाकार्यात आईस्क्रीम करून द्यायची. बकारामने तिला वीस लिटर सांगितलं होतं.

"लिटरचं एक माप भरा आणि काट्यावर ठेवा," चुन्नीलाल म्हणाला.

मापाचं वजन वगळून आईस्क्रीम पाऊण किलो भरलं. चोर सापडल्यासारखा त्याचा चेहरा फुलला. "लिटर म्हणजे किलो. छापलेलं आहे. पाव किलो गेलं कुठं, बाई?"

"ते पान्याचं छापलं असंन, भाऊ. हे पानी होय का? दांडा फिरवला का दुधात हवा शिरते. आईस्क्रीम फुगते, वजन नाई वाढत."

"ऐका!" तो वऱ्हाडाकडे वळला. "बाई हवा विकून राहिली!"

वऱ्हाड खदखदून हसलं. शामकलाबाईने त्याला खालीवर न्याहाळलं. चोपडलेले केस, खिशाला दोन पेन, त्यातल्या एकाला टोपण नाही. ह्याच्या हाती सरकारने काटा दिला! त्यापेक्षा बैलाच्या हाती दिला असता, तर निदान तो गप्प तरी बसला असता.

चुन्नीलालने ते माप उन्हात ठेवायला लावलं. आईस्क्रीम वितळलं आणि दूध काठापासून चार बोटं खाली बसलं. "पाहा! सगळ्यांनी पाहा!"

बकारामला घाम फुटला. तो शामकलाबाईच्या कानाशी येऊन पुटपुटला, "बाई, पोरीवाले आहोन आमी. माफी मागून टाका ना."

"कायले?"

तिने तेच दूध लहान पॉटात ओतलं, भोवती बर्फ-मीठ ठासलं आणि दांडा चुन्नीलालपुढे केला. "तुमीच फिरवा. माह्या हाताचा भरवसा नाई ना तुमाले?"

एवढ्या लोकांत नाही म्हणायची सोय नव्हती. अर्धा तास तो दांडा फिरवत राहिला. सदरा पाठीला चिकटला, दम लागला. शामकलाबाईने वर थेंबभर दूध घातलं नाही. झाकण काढून तिने माप भरलं. ते काठोकाठ आलं. काट्यावर पुन्हा पाऊण किलोच.

"आता सांगा, वाढलं कुठून?"

त्याने तक्ता काढला, उलटा केला, सुलटा केला, खिशात घातला. मग घसा खाकरून म्हणाला, "हेच तर लोकांना दाखवायचं होतं मला! याला म्हणतात हवेचं गणित."

लोकांनी माना डोलावल्या. त्यात बकारामची मान सगळ्यात जोरात हलली. "मामाजी लय शिकलेले हायेत," तो म्हणाला.

हा माणूस निदान खाली पाहील असं शामकलाबाईला क्षणभर वाटलं होतं. तसं वाटल्याचाच तिला राग आला. पहिली वाटी तिने चांगली शीग लावून भरली आणि चुन्नीलालच्या पुढे आलेल्या हाताखालून घरात नेली. बकारामची पोर हळदीच्या लुगड्यात कोपऱ्यात बसली होती.

"खा माय," शामकलाबाई म्हणाली. "त्या घरी तुले लय आयकून घ्या लागन."