चपलांच्या टाळ्या

बायको माझ्यावर सुटली होती. "अहो, माझ्या चपला गेल्या, स्टुलाचे पाय गेले, आता माझी मान तेवढी कापायची राहिलीय! तीही घ्या, लावा कुठेतरी!" एवढं बोलून ती श्वास घ्यायला थांबली आणि कपाटावरून टाळ्यांचा कडकडाट झाला.

बायको गार. मी नम्रपणे म्हटलं, "बघ, लोकांना आवडलं."

पुढचं काही छापण्यासारखं नाही. पण त्यालाही टाळ्या पडल्या.

कपाटावर माझं यंत्र होतं. स्टुलाच्या पायांचे हात, भंगारातल्या वायपरच्या मोटरी आणि तळव्यांच्या जागी चपलांचे तळ. आधी लाकडी तळवे लावले होते, पण ते ऐकून वाटायचं सुतार आलाय. चपलेचा आवाज मात्र थेट माणसाच्या हातासारखा. कुणी बोललं की माईकशेजारचा लाल दिवा लागायचा, बोलणं थांबलं की टाळ्या.

यामागचं डोकं माझं नाही, कल्पना चोरलेली. मी पंख्यांच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरून देणारा माणूस, कलेशी माझा संबंध कॅलेंडरपुरता. पण यंत्रांच्या कलेचं प्रदर्शन लागलं होतं, तिकीट नव्हतं, म्हणून ताईला घेऊन गेलो. तिथं लाकडी हातांची रांग होती. समोर उभं राहून काहीही बोला, थांबलात की हात टाळ्या वाजवणार. मी सतराचा पाढा चुकीचा म्हटला. दणदणीत टाळ्या! शाळेत याच पाढ्याला मी छड्या खाल्लेल्या. शेजारी ताईचे खांदे हलत होते. ती हसत होती, बिनआवाजाची.

ताई, माझी थोरली बहीण, बसस्टँडवर गाड्या पुकारायची. उभी नोकरी त्या काचेच्या खोलीत गेली. मग रेकॉर्ड केलेला आवाज आला आणि ताई घरी आली. पाठोपाठ घशात गाठ निघाली. ती काढली, पण आवाज गंजलेल्या ट्रंकेच्या झाकणासारखा झाला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "रोज बोलायचं. गप्प बसलात तर आहे तोही जाईल." ताईनं नेमकं तेच धरलं. गप्प. चहा हवा तर चमच्यानं वाटी वाजवायची. ज्या आवाजावर गाव धावायचं, तो असा लोकांना ऐकवायचा? त्यापेक्षा वाटी बरी.

म्हणून प्रदर्शनातल्या पोरीला गाठून मी विचारलं, "हे घरी जमेल का?" ती म्हणाली, "काका, माईक, मोटर आणि वेड. तिन्ही असली की झालं." तिसरं माझ्याकडे पोत्यानं होतं.

यंत्र टेबलावर मांडलं, ताईला समोर बसवलं. "हं, बोल." तिनं मान हलवली. मग मी नाक दाबून सुरू केलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पुलाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर..."

"चार!"

आला बाहेर. फाटका, खरखरीत, पण आला. तीनला चार म्हणताना तिनं आवाजाची लाज धरली नाही. आणि माझा दीडशहाणा माईक ढिम्म! एवढा बारीक आवाज त्याच्या कानापर्यंत पोचलाच नाही. बरं झालं, मी टेबलाखाली एक चोरबटण लावून ठेवलं होतं. पायाचा अंगठा दाबला. कडकडाट.

ताई यंत्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मेल्या, टाळ्या वाजवतोयस की चपला मारतोयस?"

त्यालाही दाबला अंगठा.

रोज संध्याकाळी गाड्या सुटायला लागल्या. ताई पुकारायची, मी दाबायचो. आवाज कणाकणानं वर येत होता. आणि एके दिवशी बायकोच्या हातून टेबलाखाली झाडू मारताना बटणाची वायर ओढली गेली. ताईनं अख्खी गाडी पुकारली, थांबली. शांतता. माझा अंगठा तबल्यावरच्या बोटांसारखा नाचतोय, आणि वर काही नाही. ताईनं वाकून खाली पाहिलं.

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून," मी म्हटलं. थाप मारायची सवय असूनही त्या वेळी सुचली नाही.

"म्हणजे त्यानं मला एकदाही ऐकलं नाही."

ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चमचा आणि वाटी. मी नकला केल्या, चुकीचे फलाट सांगितले, शेवटी हात जोडले. बायकोसुद्धा मला टाकून बोलेना, यावरून काय ते समजा. आवाज आता गेला तर तो माझ्या अंगठ्यानं घालवला, एवढंच डोक्यात. मी चोरबटण काढून फेकलं आणि यंत्र पुन्हा कपाटावर चढवलं.

नंतर एका दुपारी मी घरीच होतो. ताई खिडकीशी बसली होती. खाली रस्त्यावर बसचा थांबा आहे. एक बाई कडेवर तापलेलं मूल घेऊन आली आणि जो दिसेल त्याला विचारायला लागली, "इस्पितळाची गाडी इथंच ना?" कुणी मोबाइलमधून मान वर काढीना, एकानं उगाच हो म्हटलं. गाडी समोरच्या बाजूनं सुटते, आणि समोरून ती येताना दिसत होती.

ताईनं वाटी बाजूला ठेवली. उठली. खिडकीशी वाकली.

"इथं नाही! समोर!"

बाईला ऐकू गेलं नाही. ताईनं गज धरले.

"बाई, समोरची गाडी! समोरची!"

मी वळून पाहिलं, कपाटावरचा लाल दिवा लागला होता. ऐकलं त्यानं. पण ही हाक टाळ्यांसाठी नव्हती; मी झेप घेऊन प्लग उपटला. टाळ्या वाजवायचे सगळे हात वर उचललेले, तसेच राहिले.

बाई धावत रस्ता ओलांडून गाडीत चढली. आवाज कुणाचा, कुठून आला, तिनं वळूनही पाहिलं नाही. ताई गाडी वळेपर्यंत उभी होती. मग गजाला लागलेली धूळ तिनं पदराला पुसली आणि मला म्हणाली, "पाणी दे रे. घसा कोरडा पडलाय."