गोधडीखालची खुर्ची

बसा की. पण जरा कडेला, मधोमध नका. मी खुर्ची बोलतेय, वसमतच्या बाजारातून आलेली, लाल प्लास्टिकची. वय विचारू नका. रंग उडालाय, एक पाय फाकलाय आणि पोटातून आरपार दिसतं. म्हणजे मन निर्मळ वगैरे नाही. मला खरंच भोक आहे.

पद्माबाईने मला आणलं ते सोयऱ्यांसाठी. सोयरा दारात आला की मला पुढं करायचं आणि घरच्यांनी खाली सतरंजीवर बसायचं. भारी मिजास होती तेव्हा माझी.

मग सोनाजीला, म्हणजे पद्माबाईच्या नवऱ्याला, लकवा मारला. उजवी बाजू गेली. एक शब्द तोंडातून निघेपर्यंत हातातला चहा थंड व्हायचा. संडासला खाली बसणं जमेना. पद्माबाईने विळा चुलीत लाल केला आणि माझ्या मधोमध गोल कापून काढला. खाली बादली ठेवली. झाली माझी बढती.

सुरुवातीला ती एकटीच त्याला उचलायची. एकदा उचलताना तिच्या कंबरेत अशी चमक भरली, की नवरा, बायको आणि मी, तिघंही आडवे. माझा पाय तेव्हाचा फाकलाय. ती आठवडाभर उठलीच नाही. मग दारातली म्हैस विकली आणि मनकर्णा आली. रोज सकाळी जवळा बाजार गावाहून बसने यायची, संध्याकाळी जायची. पगारावर.

आता बायको घरात असताना नवऱ्याचं करायला पैसे देऊन बाई ठेवली, हे सोयऱ्यांना कसं सांगायचं? ते यायचेच बिस्किटाचा पुडा, दोन केळी आणि पिशवीभर सल्ले घेऊन. म्हणून पद्माबाईने सांगून टाकलं, ही माझी मावसबहीण, मायेपोटी येते. आणि माझ्यावर गोधडी टाकली. अशा आम्ही दोघीही झाकल्या गेलो.

मावसबहीण म्हटल्यावर सोयऱ्यांच्या भाकरीही मनकर्णाच्याच गळ्यात पडल्या. ती हसून म्हणाली, "ताई, नातं लागल्यापासून काम वाढून राहिलं माझं. पगार तेवढा परक्याचाच हाय."

सोयऱ्यांना ती फार आवडली. माझ्यावर बसून ते म्हणायचे, शहरातले लोक पैसे देऊन सेवा करून घेतात म्हणे, माणुसकी राहिली नाही. आणि मग मनकर्णाने केलेला चहा पिताना विचारायचे, काळा काहून केला, म्हैस कुठं गेली? म्हैस समोर भाकरी थापत होती, पण सांगणार कोण?

एक दिवस हट्ट्याहून जनकाबाई आली, सोनाजीची थोरली बहीण. माझ्यावर बसली. मी दम धरला. तिची सासू पडली होती, खुब्याचं हाड मोडून बाजेवर होती. जनकाबाईचे हात भरून आले होते, डोळेही. सगळं सांगून झालं आणि ती म्हणाली, "पद्मा, मनकर्णाला चार महिने माझ्याकडं धाड. घरचीच तर हाय. साडीचोळी करीन की तिला."

चुलीपुढं मनकर्णाचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

पद्माबाईचं तोंड पाहण्यासारखं झालं. थोरल्या नणंदेला नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं तर उद्यापासून नवऱ्याला उचलणार कोण? तिची कंबर, का मी? तिला विचारते, असं काहीतरी ती पुटपुटली.

"इचारायचं काय त्यात? बस सुटायच्या आत पिशवी भर म्हणावं."

आणि काय सांगू, पद्माबाई उठली. खुंटीवरची मनकर्णाची पिशवी काढली. पैसे देते म्हणण्यापेक्षा तिला पुन्हा कंबर मोडून घेणं सोपं वाटत होतं.

"पगारी," बाजेवरून सोनाजी म्हणाला.

जनकाबाईला वाटलं पाणी मागतोय. तिने तांब्या पुढं केला. त्याने डाव्या हाताने तो ढकलला.

"पगारी... हाय ती. म्हैस... इकली." मग बराच वेळ घेऊन, "अन् अक्का... उठ. खुर्ची... माझी."

जनकाबाई उठली. गोधडी तिच्या लुगड्याला अडकून तिच्यामागं गेली आणि मी सगळ्यांपुढं उघडी पडले. तिने माझ्याकडं पाहिलं, गोधडीकडं पाहिलं. सोनाजीला खरंच घाई होती. मनकर्णाने त्याला उचलून माझ्यावर बसवलं आणि बाकीच्या दोघी अंगणात गेल्या.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण जनकाबाईचा दबका आवाज आला. "पद्मा, मनकर्णाच्या वळखीची अजून एखादी हाय का गं? पगार देईन. गावात मी जावेची भाची सांगन." मग तिने विचारलं, "अन् भोक पाडायला इळा बरा का सुरी?"

आता गोधडी सोनाजीच्या पायावर असते. मी उघडीच असते. सोयरे मला बघून उभेच राहतात, त्यामुळं लवकर जातात. भाकरी वाचतात.

तुमच्या घरीही एखादी मावसबहीण असेल, तर तिला बिनधास्त पगारी म्हणा. आणि परक्या घरी बसायच्या आधी गोधडी उचलून बघत जा. माझं काय, माझं माणूस ठरलंय. तो हाक मारतोय, सरका आता.