एका कॅनचं रान

"ने हे तुझं भूत परत," आक्का म्हणाली आणि मिरचीच्या सरीतच फतकल मारून बसली.

भूत म्हणजे माझा वीडर. पेट्रोलवर चालतो, मागून दांडे धरायचे, पुढची पाती मातीत फिरतात आणि तण उपटून टाकतात. असं निदान माहितीपुस्तकात लिहिलं होतं. माहितीपुस्तकात हेही लिहिलं होतं की हे यंत्र कुणालाही सहज चालवता येतं. लिहिणाऱ्यानं मला पाहिलेलं नव्हतं.

लायब्ररीतून निवृत्त होऊन मी थोरल्या बहिणीकडे राहायला आलो, तेव्हा तिचे दोन्ही गुडघे गेल्यात जमा होते. डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही असं बजावलं होतं, आणि तेव्हापासून ती जास्तच उकिडवी बसायला लागली होती. सरीच्या एका टोकाला खुरपं घेऊन बसायची ती दुसऱ्या टोकालाच उठायची. उठताना तोंडातून जो आवाज यायचा तो मला घरात ऐकू यायचा. म्हणून मी यंत्र आणलं. आयुष्यभर पुस्तकांना नंबर देणाऱ्या माणसानं उचललेलं हे पहिलं धाडस.

आक्कानं एकच अट घातली होती. पेट्रोल पंप लांब, आणि बसवाला पेट्रोलचा कॅन आत घेत नाही. म्हणजे चालत जायचं, चालत यायचं.

"एक कॅन तू आणशील," ती म्हणाली होती. "दुसऱ्या खेपेला मला तुलाच आणायला यावं लागेल. तेव्हा एका कॅनमध्ये सगळं रान झालं तर मशीन ठेवू. नाही झालं तर हे पीक निघालं की रान ट्रॅक्टरवाल्याला खंडानं लावून देते. बास झालं."

ट्रॅक्टरवाला म्हणजे बांधापलीकडचा शेजारी. माणूस वाईट नव्हता, पण आक्काच्या रानाकडे तो ताटाकडे बघावं तसा बघायचा.

"पेट्रोल त्याच्या ट्रॅक्टरवरून मागवू या की," मी सुचवलं होतं.

"आज त्याचा कॅन घेतला की उद्या त्याचा नांगर घ्यावा लागेल. आणि परवा तो विचारेल, आक्का, तुम्ही रानात कशाला येता?"

आणि आता पहिल्याच दिवशी कॅन संपला होता आणि रानाचा मोठा तुकडा तणात तसाच उभा होता. आक्कानं तो बसूनच काढला. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे मागे फिरलो. माझं योगदान तेवढंच.

"या खेपेचं सोडून दे," मी म्हणालो. "पुढच्या खुरपणीला बघ."

"पुढच्या खुरपणीला काय, मशीन उपास करणार आहे?"

अडलो की मी वाचायला बसतो. यंत्राचं माहितीपुस्तक मी पहिल्या पानावरच्या शुभेच्छांपासून वाचलं, आणि तेलाच्या पानावर थबकलो. इंजिनात कुठलं तेल घालायचं ते स्पष्ट छापलं होतं: पातळ. जाड घातल्यास पेट्रोल जास्त जळेल, असंही खाली बारीक अक्षरात होतं.

यंत्र आणलं त्या दिवशी ट्रॅक्टरवाला आपणहून तेलाचा डबा घेऊन आला होता. "मास्तर, जाड घाला जाड!" (मी कधी कुणाला शिकवलं नाही, पण इथे चष्मा असला की मास्तर.) "पातळ तेल म्हणजे ताक. इंजिनाला लोणी लागतं." आणि ट्रॅक्टरचं तेल त्यानं गळ्यापर्यंत ओतलं. इथे सगळेच सगळ्यात ट्रॅक्टरचं तेल घालतात, दाराच्या बिजागरीतसुद्धा. बिजागरीची काही तक्रार नाही. मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते उघडून बंद करायची मला सवय आहे.

"आक्का, सापडलं!" मी ओरडलो. "जाड तेलात इंजिन म्हणजे चिखलात चालणारा माणूस. निम्मा जीव पाय उपसण्यातच जातो!"

"हे तुला पुस्तकात वाचावं लागलं?" ती भाजी निवडत म्हणाली. "पुराणातली वांगी पुराणात राहू देत. माझ्या मिरच्या रानात आहेत."

तरी मी पातळ तेल आणलं. जुनं तेल काढताना निम्मं परातीत पडलं, निम्मं माझ्या पायजम्यावर. नवं घातलं, तेल मोजायची काडी बुडवून पाहिली, कमी वाटलं, आणखी घातलं. पुन्हा कमी. पुन्हा घातलं. इंजिन सुरू केलं तर पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की ट्रॅक्टरवाला बांधावरून ओरडला, "मास्तर, गोठा पेटला काय?"

यंत्र मी उतारावर उभं केलं होतं. उतारावर काडी खोटं बोलते. हेही पुस्तकात होतं, पुढच्या पानावर. मग यंत्र अंगणात आणलं, शेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ठेवून जमीन सपाट असल्याची खात्री केली आणि जास्तीचं तेल काढलं. इंजिनात हवा जाते ती जाळीही धुतली. तीत अर्धं रान जमा झालं होतं.

"वाटी घासून ठेव," आक्का म्हणाली. तिनं तेवढंच विचारात घेतलं.

पुढच्या खुरपणीपर्यंत पाऊस पडून गेला. मग दोन दिवस ऊन पडलं, माती हातात घेतली की मोकळी व्हायला लागली. पण मावळतीकडे पुन्हा ढग दाटत होते. आज तण निघालं नाही आणि वर पाऊस झाला, की मिरची तणाखाली गेलीच म्हणायची. मी कॅन आणला, टाकी भरली.

यंत्राचा आवाज या वेळी वेगळा होता. आधी ते खाकरत चालायचं, आता गुणगुणत होतं. मी वेगाची कळ अर्ध्यावर ठेवली होती. त्याहून जास्त वेगात मला पळता येत नाही. आक्का मागून चालत होती, न उपटलेलं तण पायानं दाबत. कॅनमधलं शेवटचं पेट्रोल टाकीत ओतलं. मागच्या वेळी जिथे यंत्र मेलं होतं ती जागा आली आणि गेली. आक्कानं पदर खोचला. ट्रॅक्टरवाला बांधावर येऊन बसला.

शेवटची सरी राहिली. तिच्यात यंत्र शिरलं, थोडं गेलं, शिंकलं आणि गप्प झालं. मी कॅन उलटा केला. एक थेंब आला, तोही विचार करून.

"थोडक्यात हुकलं, मास्तर," ट्रॅक्टरवाला म्हणाला, आणि खरंच हळहळला.

आक्काचा हात खुरप्याकडे गेला. गुडघा वाकायला लागला, तोच मी ते खुरपं ओढून घेतलं. तिच्या हातातून काही ओढून घेण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. तीही इतकी चकित झाली की तिनं सोडलं.

मी बसलो. मी तण काढू लागलो. कंबर कुरकुरली, चष्मा नाकावरून घसरून मातीत पडला. आभाळ गुरगुरत होतं.

"अरे, मुळापासून!"

"मुळापासूनच काढतोय."

"गाढवा, ती मिरची आहे! तण हे. हे बघ, पानाला लव आहे ते."

"सारखीच दिसतात गं."

"सारखी दिसतात म्हणून सारखी असतात का? तू आणि मी बघ!"

ट्रॅक्टरवाला खो खो हसला. मी सरी संपवली तेव्हा पहिले थेंब पडायला लागले होते.

"चला," ट्रॅक्टरवाला उठत म्हणाला, "पण आक्का, शेवटचं हातानं काढलं. एका कॅनमध्ये झालं असं नाही म्हणता यायचं."

"का नाही? एकच कॅन आणला, रान झालं. दुसरा कॅन दिसतोय का कुठे?" ती माझ्याकडे वळली. "तू सांग रे. तू शिकलेला. झालं की नाही?"

मी चष्मा पुसला. "तसं काटेकोर बघितलं तर शेवटच्या सरीचा काही भाग... आणि तेलामुळे किती वाचलं, जाळीमुळे किती, की मी हळू चालल्यामुळे, हे नक्की..."

"गप बस," आक्का म्हणाली. "झालं म्हणाला तो. ऐकलंस ना?"

ट्रॅक्टरवाल्यानं मान डोलावली आणि डोक्यावर पोतं घेऊन घराकडे निघाला.

मी यंत्रावर ताडपत्री टाकत होतो. वळून पाहिलं तर आक्का भर पावसात, कमरेत वाकून, मी उपटलेल्या ढिगातून मिरचीची रोपं वेगळी करत होती आणि बोटानं भोक पाडून एकेक परत लावत होती. गुडघे मात्र तिनं वाकवले नव्हते.

त्यातली बरीचशी जगली.