कानबाईचा सोमवार

उज्ज्वला कीर्तनात बसली होती खरी, पण तिची मांडी एका जागी ठरत नव्हती. सखारामबुवांचं कीर्तन म्हणजे तिचा जीव की प्राण. आज मात्र चिपळ्यांचा ठेका कानाशी येऊन परत जात होता.

खुपत होती ती दुपारची बैठक. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती सहायक. पहिल्या वर्षाची मुलं तिकडे फिरकत नाहीत म्हणून ग्रंथपाल प्रवीणभाईंनी एक दिवस ठरवला. पुस्तक कसं शोधायचं ते मुलांना दाखवायचं आणि तिथेच हातात कार्ड द्यायचं. जो येणार नाही त्याला कार्ड थेट जानेवारीत, आणि कार्डाशिवाय आत प्रवेश नाही. दिवस ठरला सोमवार.

सोमवारी तर कानबाईचं, खानदेशच्या देवीचं, विसर्जन. त्या दिवशी सुरतेच्या लिंबायतमधल्या खानदेशी घरातलं एकही पोर कॉलेजात दिसायचं नाही. उज्ज्वलाला हे ठाऊक होतं. पण ‘आपल्याच लोकांचं काढते’ असं कुणी म्हणेल म्हणून ती गप्प बसली.

पुढच्याच रांगेत शेजारच्या सरलाबाई आणि त्यांची यंदाच पहिल्या वर्षाला गेलेली हर्षदा बसल्या होत्या. घरी एक खोली, पाच माणसं आणि साड्यांना टिकल्या लावायचं काम. पोरीला अभ्यासाला जागा मिळाली तर ती ग्रंथालयातच. आणि यंदा कानबाई त्यांच्याच घरी बसणार होती.

एवढ्यात दाराशी कुणी म्हातारी घुटमळली. बुवांनी गाणं मध्येच थांबवलं. “सरका थोडं. माऊलीला बसू द्या. उशीर झाला म्हणून काय झालं?”

उज्ज्वला उठली. भर कीर्तनातून ती आजवर कधी उठली नव्हती. बाहेर चपलांच्या ढिगाशी उभं राहून तिनं प्रवीणभाईंना फोन लावला.

“मीटिंगमां केम ना बोल्या, बेन? तेव्हाच सांगायचं ना!” ते वैतागले. “नोटीस गेली. हॉल पण घेतलाय.”

“सोमवार राहू द्या, सर. बुधवारी पुन्हा घेऊ. मी घेते, काउंटर सुटल्यावर.”

“आणि कोणी आलंच नाही तर?”

तिनं दारातून आत बसलेल्या पोरांकडे पाहिलं.

“उद्या सकाळपर्यंत दहा मुलांची नावं द्या. मग पाहू.”

ती आत आली तेव्हा पूर्वरंग संपला होता, बुवांना हार घालणं चाललं होतं. तिनं हात जोडले. “बुवा, दोन शब्द बोलू?”

“बोल बेटा. आख्यान थांबेल.”

तिनं सगळं सांगितलं. दुपारी तोंड उघडलं नाही, तेही सांगितलं.

“पोर सांजले घर कशी येई व माय?” सरलाबाईंनी विचारलं.

“माझ्यासोबत, बसनं. दारापर्यंत सोडेन.”

“तू सोडशी, मंग तुले कोन सोडी?”

बायका हसल्या. हर्षदा उठून आली आणि तिनं नाव सांगितलं. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. मागून एका बापानं मुलाला ढकललं, “जा ना रे, लाजतो काय?”

बुवांनी आख्यानाला सूर लावला तरी उज्ज्वला खांबाला टेकून लिहीतच होती. सात नावं झाली होती. कथेतलं एक अक्षर तिच्या कानी पडत नव्हतं. उरलेल्या तिघांसाठी तिची नजर रांगारांगांतून फिरत होती.