तपासले, ठीक

"पॅडल तळाला गेलं, सिस्टर. पार तळाला. खाली काही नव्हतंच."

ड्रायव्हर हे चौथ्यांदा सांगत होता. आगाराच्या दवाखान्यातल्या पलंगावर तो बसला होता. सिस्टर त्याच्या कपाळावरची खोक पुसत होत्या, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याची दहाही बोटं अजून स्टिअरिंगभोवती असल्यासारखी वाकलेली होती. शर्टावर रक्त होतं, आणि ते त्याचं नव्हतं.

दीड तासापूर्वी त्याची बस उतारावरून येताना थांब्यावरच्या माणसांत घुसली होती. दोन बायका आणि एक म्हातारे गृहस्थ जागच्या जागी गेले.

"मग?" सिस्टर म्हणाल्या.

"मग हँडब्रेक ओढला. हॉर्न दाबून धरला. हॉर्न ऐकून लोक पळत नाहीत हो, वळून बघतात. त्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं."

सिस्टरांना या आगारात एकवीस वर्षं झाली होती. दवाखाना म्हणजे एक पलंग, एक कपाट आणि रक्तदाबाचं यंत्र. ड्रायव्हर, कंडक्टर डोकं दुखतंय म्हणून यायचे आणि गोळी हातात घेऊन तिथेच घुटमळायचे. कुणाचं घरात बिनसलेलं असे, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली असे. सुरुवातीला सिस्टर धीर द्यायच्या. पण 'होईल सगळं नीट' म्हटलं की माणूस 'हो' म्हणतो आणि उठून जातो, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून त्यांनी धीर देणं सोडलं आणि त्या नुसतं ऐकू लागल्या. 'गोळ्या सगळ्या एकाच रंगाच्या, कान मात्र इम्पोर्टेड,' अशी त्यांची आगारात चेष्टा चाले.

दार ढकलून आगारप्रमुख आत डोकावले. हातात टाइप केलेला कागद होता.

"सिस्टर, याला फार बोलायला लावू नका. झोपेचं इंजेक्शन देऊन टाका. त्याआधी इथे एक सही हवीय."

गाडीचा वेग मर्यादेपेक्षा जास्त होता, असं त्या कागदावर ड्रायव्हरच्या वतीने लिहिलेलं होतं.

"ड्रेसिंग होऊ दे, साहेब," म्हणत सिस्टरांनी दार लावून घेतलं.

"काल गाडी आत आणली तेव्हा मी रजिस्टरात लिहिलं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "पॅडल खोल जातंय, ब्रेक उशिरा लागतोय. सकाळी बघितलं तर पुढे शेरा होता, 'तपासले, ठीक'. खाली सही. म्हटलं, आता कसली भीती!"

"सही कुणाची?"

त्याने सिस्टरांकडे बघितलं, मग भिंतीकडे.

"राहू द्या ते."

सिस्टरांच्या हातातला कापूस हवेतच राहिला. ब्रेकच्या तपासणीवर सही करायचा अधिकार आगारात दोनच फिटरांना होता. त्यातला एक आठवडाभर रजेवर होता. दुसऱ्याला सगळे ब्रेकमास्तर म्हणत. रात्रपाळी करून ते आज सकाळी घरी आले, तेव्हा सिस्टरांनीच त्यांना दार उघडलं होतं. लग्न झाल्यापासून त्याच उघडत होत्या.

"मी करतो सही त्या कागदावर," ड्रायव्हर खालच्या आवाजात म्हणाला. "वेग जास्त होता म्हणू. माझ्या मागे आहे कोण? बायको गेली तेव्हा सहा महिने तुम्ही माझं तेच ते रडगाणं ऐकलंत. एकदासुद्धा घड्याळ बघितलं नाहीत. तुमचं घर माझ्यामुळे मोडायला नको."

क्षणभर सिस्टरांना हायसं वाटलं. आणि आपल्याला हायसं वाटलं, या गोष्टीने त्या हादरल्या.

"वेग किती होता तुमचा?"

"तीस. फार तर बत्तीस."

"मग बत्तीसच सांगायचं. विचारेल त्याला बत्तीस."

टेबलाशी जाऊन त्यांनी चिठ्ठी लिहिली. डोक्याला मार, आज जबाब देण्याच्या किंवा सही करण्याच्या स्थितीत नाही, मोठ्या इस्पितळात रवाना. खाली शिक्का मारला. शिक्का वाकडा उमटला, म्हणून शेजारी पुन्हा मारला. बाहेर उभ्या असलेल्या आगारप्रमुखांच्या हातात ती चिठ्ठी देऊन त्यांनी ड्रायव्हरला स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं.

स्टाफच्या खोल्या आगाराच्या मागेच होत्या. पाच मिनिटांच्या त्या वाटेवर दोन शेजारणींनी त्यांना हाक मारली. त्यांना ऐकूच आलं नाही.

ब्रेकमास्तर स्वयंपाकघरात नळापाशी फरशीवर बसून पान्याने काहीतरी आवळत होते.

"गळत होता," ते म्हणाले.

नळ गळत नव्हता. 'सही तुम्ही केलीत?' हा प्रश्न सिस्टरांच्या अगदी ओठांवर आला होता. आगारातल्या परक्या माणसांचं त्या तासन्‌तास ऐकायच्या, पण घरात बोलायच्या त्याच आणि हे 'हं' म्हणायचे. इतक्या वर्षांत त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. खांद्यावरची पिशवी न काढताच त्या नवऱ्याशेजारी फरशीवर टेकल्या.

बराच वेळ पाना फिरत राहिला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"तीन?"

"तीन."

पाना थांबला. नवऱ्याच्या बाजूने द्यायची उत्तरं सिस्टरांच्या मनात तयार होती. स्टोअरमध्ये सामान नसेल, फोरमनने घाई केली असेल, वरून दबाव असेल. एकेक उत्तर जिभेवर येत होतं आणि त्या ते गिळत होत्या.

"रात्री दोनला सहा गाड्यांची रजिस्टरं आली," ब्रेकमास्तर म्हणाले. "गाडी तपासणीच्या खड्ड्यावर घ्यायची, आत उतरायचं, खालून एकेक चाक बघायचं. चार तास हातात होते. वेळ नव्हता असंही नाही. कुणी घाई केली नाही गं. कुणी काही म्हणालंसुद्धा नाही." ते थांबले. "चहा आला. मी बाकावर बसून चहा प्यायलो आणि पिता पिता सहाही सह्या ठोकल्या. खड्ड्यात उतरलोच नाही."

सिस्टरांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. चहा?

"आजचंच नाही. दोन वर्षं झाली. गुडघे धरतात, शिडी उतरवत नाही. एकदा नाही उतरलो, काही झालं नाही. दुसऱ्यांदा नाही उतरलो. सांगितलं असतं तर मास्तर म्हातारे झाले म्हणाले असते."

दोन वर्षं नवऱ्याचे कपडे पटकन स्वच्छ निघत होते. पूर्वी तेलाचे डाग घासताना हात भरून यायचे. साबण बदलल्याचा गुण, असं सिस्टर शेजारणींना कौतुकाने सांगत असत. उठून निघून जावं, या माणसाचं तोंडही बघू नये, असं त्यांना वाटलं. त्या उठल्या नाहीत.

"सहा गाड्या होत्या," ब्रेकमास्तर हिशेब लावल्यासारखे बोलत होते. "एक ती. राहिल्या पाच. त्या पाच आत्ता..."

आपलाच आवाज ऐकून ते दचकले.

"अगं, त्या पाच आत्ता लाईनवर आहेत."

पाना फरशीवर आपटला. ते उठायला गेले, पण गुडघा साथ देईना. सिस्टरांनी खांदा पुढे केला.

"तू येतेस?"

"येते."

कंट्रोल रूममध्ये टाइमकीपर होता आणि फोनवर कुणाला तरी समजावणारे आगारप्रमुख होते. ब्रेकमास्तरांनी पाच गाड्यांचे नंबर न अडखळता सांगितले.

"असतील तिथे थांबवा. माणसं उतरवा."

"मास्तर, कुणाच्या ऑर्डरने?" टाइमकीपरने विचारलं.

"माझ्या. मी त्या तपासलेल्या नाहीत. सह्या खोट्या आहेत."

आगारप्रमुखांनी फोन खाली ठेवला. "डोकं ठिकाणावर आहे का मास्तर? तो ड्रायव्हर उद्या सही करणार आहे. प्रकरण तिथेच मिटतंय."

ब्रेकमास्तरांनी मागे वळून बायकोकडे बघितलं. त्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही, फक्त नजर काढून घेतली नाही.

"त्याच्या गाडीवरचीही खोटी आहे," ते म्हणाले. "कागद द्या, लिहून देतो. पण आधी फोन लावा रे!"

टाइमकीपरने आगारप्रमुखांकडे न बघता फोन उचलला.

तपासणीत चार गाड्या धड निघाल्या. पाचवी चढावरच्या थांब्यावर पन्नासेक प्रवासी घेऊन उभी होती. तिचं मागचं चाक आतून ब्रेक ऑइलने भिजलेलं होतं. ओढून आणायला गेलेल्यांपैकी एकाने ते बोटाला लावून बघितलं आणि ते बोट बाकीच्यांपुढे धरलं.

पुढे चौकशी झाली, खटला झाला. ब्रेकमास्तरांनी पहिल्या जबाबातला एकही शब्द बदलला नाही. त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. ड्रायव्हर निर्दोष सुटला. पण त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. तो आता पासांच्या खिडकीवर बसतो.

सिस्टरांनी बदली मागितली नाही. माणसं दवाखान्यात येत, गोळी घेत आणि लगेच जात. कुणी त्यांना टोचून बोललं नाही. कुणी काही बोललंच नाही.

शिक्षा लागल्यानंतरच्या आठवड्यात, दुपारी, एक तिशीची बाई दारात येऊन उभी राहिली.

"थांब्यावर जे आजोबा गेले ना, त्यांची मी मुलगी," ती म्हणाली. "कोर्टात तुमच्या नवऱ्याला सगळे विचारत होते. मला कुणी काही विचारलं नाही. मला कुणाच्या तरी तोंडावर बोलायचंय."

सिस्टर उभ्या राहिल्या. "बोला."

ती बोलली. आधी शिव्या दिल्या. मग वडील त्या दिवशी चष्म्याची काडी बसवून आणायला निघाले होते, ते सांगितलं. ते निघताना तिने त्यांना 'उद्या गेलात तर नाही का चालणार' म्हणून टोकलं होतं, ते सांगितलं. बाहेर पाळी बदलली, भोंगा वाजला. सिस्टर हात समोर बांधून उभ्याच होत्या. 'माफ करा' हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत, कारण ते म्हटल्यावर हिला 'हो' म्हणून निघून जावं लागलं असतं.

शेवटी ती दमली.

"वडिलांचं नाव मी कोर्टाच्या कागदावर वाचलंय," सिस्टर हळूच म्हणाल्या. "तुमच्या तोंडून ऐकू का?"

मुलीने ते सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. आणि मगच ती खुर्चीत बसली.